ओपन-हील की फुल-फूट? डायव्हिंगचे फिन्स निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या दोन प्रकारांत नेमका फरक काय?

फिन म्हणजे पाण्यात पुढे सरकण्यासाठी पायात घालायचं वल्ह्यासारखं साधन. फुल-फूट म्हणजे बंद टाचेचा फिन. पाऊल सरकवायचा रबरी कप्पा मागच्या बाजूनेही बंद असतो. चवडा आत घालायचा, टाचेवरून रबर ओढून घ्यायचं, झालं. हा फिन नुसत्या पायात किंवा पातळ मोज्यावर घालतात. ओपन-हीलचा कप्पा मागून उघडा असतो आणि टाचेमागून जाणारा स्ट्रॅप पाऊल धरून ठेवतो. तो नियोप्रीनच्या, म्हणजे स्पंजासारख्या ऊबदार रबराच्या बुटावर घालण्यासाठीच बनवलेला असतो. म्हणून ओपन-हील घ्यायचे ठरवलेत तर बूट आणि फिन एकत्रच बघावे लागतात. बूट बदलला की फिनचं मापही बदलतं.

पाणी ढकलणारं पातं, म्हणजे ब्लेड, दोन्हींत अगदी सारखं असू शकतं. कित्येक मॉडेल दोन्ही प्रकारांत निघतात. फरक असतो तो पावलाभोवतीच्या वीतभर भागात, आणि पाय सुखी राहणार की रडणार हे तिथेच ठरतं.

मग निवड कशावरून करायची?

आधी स्वतःला विचारा: मी पाण्यापर्यंत पोचणार कसा? बोटीच्या कडेवरून थेट पाण्यात जाणार, की सगळं सामान अंगावर चढवून किनाऱ्यावरून चालत जाणार? मग विचारा: पाणी किती गार असणार, आणि दिवसातून किती वेळ मी त्यात असणार? एवढ्या उत्तरांवर बहुतेकांचा निर्णय होऊन जातो. वेग, ताकद, पात्याची रचना हे सगळं त्यानंतर बघायचं.

बोट आणि कोमट पाणी असेल तर फुल-फूट. खडकाळ किनारा, गार पाणी किंवा ड्रायसूट (आत पाणी शिरू न देणारा सूट) यांतलं एक जरी असेल तर ओपन-हील. दोन्ही तऱ्हेचं डायव्हिंग करणार असाल आणि घ्यायची एकच जोडी असेल, तर मी ओपन-हीलच सांगेन. बूट घालून कोमट पाण्यात डाइव्ह खुशाल करता येते. नुसत्या पायाने खडक ओलांडून पाण्यात शिरणं मात्र सिलिंडर पाठीवर असताना धोक्याचं होऊन बसतं.

तिसरी गोष्ट म्हणजे तुमचं स्वतःचं पाऊल. रुंद चवडा, उंच कमान, अंगठ्याच्या मुळाशी पुढे आलेलं हाड, एक पाऊल दुसऱ्यापेक्षा थोडं मोठं, असं काहीही असेल तर बंद कप्प्यात जुळवून घ्यायला जागाच नसते. ओपन-हीलमध्ये नियोप्रीन मधली फट भरून काढतं आणि प्रत्येक पायाचा स्ट्रॅप हवा तसा आवळता येतो. अशा पावलांच्या लोकांनी वर्षानुवर्षं फुल-फूटशी झटापट करत बसू नये.

पाणी किती गार असलं की बूट लागतातच?

पाणी हवेच्या २० पटींहून अधिक वेगाने उष्णता ओढून घेतं. त्यामुळे हवेत सुखद वाटणारं तापमान पाण्यात तासाभराने अंगात शिरतं. आणि पावलांना रक्तपुरवठा कमी करून शरीर आपली ऊब छातीपोटाकडे राखायला लागतं, म्हणून पावलं लवकर गारठतात.

माझा ठोकताळा असा: पाणी २६-२७ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कोमट असेल तर नुसते पाय चालतात. २२ ते २५ अंशांत एखादी डाइव्ह नुसत्या पायाने होऊन जाते, पण दिवसभरात तीन डाइव्ह करायच्या असतील तर ३ मिलिमीटरचे बूट बरे वाटतात. २० अंशांच्या खाली ५ मिलिमीटर, आणि त्याहून गार पाण्यात ६.५ किंवा ७ मिलिमीटर. थंडी कुणाला किती वाजते यात माणसामाणसात फार फरक असतो. वेटसूट (अंगाला चिकटून बसणारा नियोप्रीनचा सूट) घालूनही ज्यांचे दात वाजतात त्यांनी वरच्या आकड्यांत दोन-तीन अंश खुशाल वाढवून घ्यावेत.

गारठलेलं पाऊल नुसतं बधिर होत नाही, त्यात गोळेही लवकर येतात. त्यामुळे बुटाचा प्रश्न हा केवळ आरामाचा प्रश्न नाही.

किनाऱ्यावरून डाइव्ह करायची आहे. फुल-फूट चालणारच नाहीत का?

किनारा मऊ वाळूचा असेल आणि पाणी कमरेपर्यंत शांत असेल तर चालतील. फिन्स हातात घेऊन आत जायचं, जोडीदाराच्या खांद्याचा आधार घ्यायचा आणि पाण्यात उभ्या-उभ्याच घालायचे.

खडकाळ किनाऱ्याची गोष्ट वेगळी. अंगावर सिलिंडर, बीसीडी (हवा भरून तरंगणं कमी-जास्त करायचं जाकीट) आणि वजनं मिळून २०-२५ किलोंचा भार असतो. तोल मागे गेलेला असतो. मास्कमुळे खाली पायाशी काय आहे ते धड दिसत नाही. शेवाळलेल्या खडकावर एक पाय सरकतो आणि दुसरा आपोआप जोरात टेकतो, आणि जिथे टेकतो तिथे कालवांच्या धारदार कडा किंवा सी अर्चिन या गोल, काटेरी समुद्री प्राण्याचे काटे असू शकतात. अर्चिनचा काटा मांसात तुटून राहतो आणि ओढून काढायला गेलं की आणखी बारीक तुकडे होतात. उथळ, कोमट पाण्यात स्टोनफिशसारखे विषारी काट्यांचे मासेही तळाशी दगडासारखे पडून असतात. चांगल्या बुटाचा जाड, खाचांचा तळ घसरण्यापासून आणि कापण्यापासून वाचवतो. स्टोनफिशचा काटा मात्र बुटातूनही आत जाऊ शकतो, म्हणून बूट आहे म्हणून कुठेही पाय टाकावा असं नाही.

बाहेर येताना तर बूट जास्तच उपयोगी पडतात. डाइव्ह संपलेली असते, पाय थकलेले असतात, आणि लाटा मागून ढकलत असतात. ओपन-हीलचा स्ट्रॅप मागे हात नेऊन एका झटक्यात उतरवता येतो आणि पुढच्या क्षणी तुम्ही बुटावर उभे असता. ओल्या फुल-फूटची टाच रबरातून सोडवताना वाकावं लागतं, दोन्ही हात गुंतवावे लागतात, आणि नेमकी त्याच वेळी पुढची लाट येते. लाटांच्या किनाऱ्यावर डाइव्ह करणाऱ्यांनी एवढ्या एका कारणासाठी ओपन-हील घ्यावेत असं मला मनापासून वाटतं.

बोटीवरून जाताना काय फरक पडतो?

उतरताना काहीच नाही. मोठं पाऊल टाकून उडी मारा किंवा कडेवर बसून मागे लोळण घ्या, दोन्ही प्रकार सारखेच चालतात. फिन्स घालून डेकवर चालत मात्र फिरू नका. कडेपर्यंत जाऊनच घाला, आणि दोन पावलं टाकावीच लागली तर मागे-मागे किंवा आडवं चाला, म्हणजे पातं दुमडून तोंडावर पडायला होणार नाही.

वर येताना शिडी कशी आहे ते बघावं लागतं. मधला एकच दांडा आणि दोन्ही बाजूंना पायऱ्या अशी शिडी असेल तर फिन्स घालूनच चढता येतं. साध्या शिडीवर फिन्स आधी काढून वर द्यावे लागतात. तेव्हा एक हात शिडीवर किंवा दोरीवर घट्ट ठेवा, आणि शिडी हातात आल्याशिवाय फिन काढू नका. प्रवाहात फिन नसलेला डायव्हर असहाय असतो. या वेळी एका हाताने सुटणारा स्प्रिंग स्ट्रॅप फार सोयीचा. फुल-फूट एका हाताने काढता येतो, पण त्यासाठी टाचेमागे बोट घालून रबर खाली सरकवायची सवय हवी. ती शांत पाण्यात करून घ्या.

आणखी एक साधी गोष्ट: उन्हाने तापलेला लोखंडी डेक नुसत्या पायांना चांगलाच पोळतो.

फुल-फूट जास्त वेग देतात हे खरं आहे का?

काही अंशी. बंद कप्प्यात टाचेपासून बोटांपर्यंत सगळं पाऊल धरलेलं असतं, त्यामुळे पायाची ताकद वाया न जाता पात्यापर्यंत पोचते. ओपन-हीलमध्ये आधी बुटाचं नियोप्रीन थोडं दबतं, मग फिन हलतो. शिवाय फुल-फूट वजनाला हलका आणि त्याभोवती बकल-स्ट्रॅपचा पसारा नसल्याने पाण्याचा अडथळाही कमी. पृष्ठभागावर लांबवर पोहायचं असेल तर हा फरक जाणवतो.

पण स्कूबा डायव्हिंगमध्ये, म्हणजे सिलिंडर घेऊन केलेल्या डायव्हिंगमध्ये, वेगाचं काम फारसं पडत नाही. जोरात पाय मारणाऱ्याची हवा आधी संपते. दोन्ही प्रकारांत चांगली, पावलाच्या मापाची जोडी घेतली तर फरक थोडा उरतो. ढिल्या फुल-फूटपेक्षा नीट बसलेला ओपन-हील केव्हाही पुढे नेतो.

पोटरीत गोळा येतो. फिनचा प्रकार बदलला तर थांबेल का?

कधी थांबेल, कधी नाही. आधी गोळा नेमका कुठे येतो ते बघा, कारण त्यावरून कारण कळतं.

तळव्यात, कमानीपाशी येत असेल तर बहुधा फिन ढिला आहे. फिन निसटतोय असं वाटलं की बोटं नकळत आत वळून तो धरून ठेवायला बघतात. प्रत्येक किकला हेच होतं. अर्ध्या तासाने तळव्याचे स्नायू आखडतात. माणूस म्हणतो, ‘फिन फार कडक आहे,’ आणि आणखी मऊ, आणखी ढिला फिन घेतो. त्याने उलट त्रास वाढतो. इथे उपाय मापाचा आहे.

कप्पा फार घट्ट असेल तरीही तळव्यात कळ येते, पण ती लवकर येते. पहिल्या पाच-दहा मिनिटांतच पायाच्या वरच्या बाजूला दाब जाणवतो आणि बोटांना मुंग्या येतात. फुल-फूटमध्ये हा त्रास जास्त दिसतो.

पोटरीत येत असेल तर पातं तुमच्या पायांच्या ताकदीपेक्षा कडक आहे, किंवा किक चुकीची बसतेय. सायकल चालवल्यासारखे गुडघे वाकवून पाय मारले की सगळा भार पोटरीवर येतो. किक मांडीपासून निघायला हवी, गुडघा जरासाच वाकलेला आणि पाऊल सैल मागे ताणलेलं. पाणी कमी प्यायलेलं असणं आणि गारठा यानेही गोळे वाढतात.

पाण्याखाली गोळा आलाच तर थांबा, जोडीदाराला खूण करा, गुडघा सरळ ठेवा आणि फिनचं टोक हाताने धरून नडगीकडे ओढा. पोटरी ताणली गेली की मोकळी होते. पातं लांब असेल आणि हात पोचत नसेल तर जोडीदाराने फिनच्या टोकावर हात ठेवून ते तुमच्याकडे ढकलावं. पोटरी सुटल्यावर लगेच जोरात निघू नका, नाहीतर गोळा परत येतो.

माप बरोबर आहे हे दुकानात कसं ओळखायचं?

संध्याकाळी जा. दिवसभर चालून पावलं थोडी फुगलेली असतात. ओपन-हील बघायचे असतील तर स्वतःचे बूट घेऊन जा, किंवा बूट आधी घ्या आणि फिन्स त्यानंतर.

फुल-फूटचं माप बुटांच्या नंबरांच्या जोडीत येतं, उदाहरणार्थ युरोपियन ४२-४३. घातल्यावर टाच मागच्या रबरात पूर्ण बसली पाहिजे. बोटांची टोकं पुढच्या उघड्या भागातून थोडी बाहेर डोकावतील, ती आत मुडपलेली नकोत. आता खुर्चीवर बसून पाय पुढे करा आणि पाऊल जोरात वर-खाली हलवा. टाच रबरातून सुटायला लागली तर माप मोठं आहे. मग फिन घालून दहा मिनिटं बसा, फोनवर बोला, काहीही करा, पण काढू नका. पायाच्या वरच्या बाजूला रबर रुतत असेल तर ते या दहा मिनिटांत कळतं. पाण्यात रबर आणि कातडी दोन्ही निसरडी होतात, त्यामुळे दुकानात जरासा घट्ट वाटणारा फिन पाण्यात ठीक बसतो. दुकानातच सैल वाटणारा मात्र पाण्यात हमखास निसटतो.

ओपन-हीलची मापं बहुधा एस, एम, एल, एक्सएल अशी असतात, आणि एका कंपनीचा एम दुसऱ्या कंपनीच्या एलएवढा निघू शकतो. स्ट्रॅप पूर्ण सैल करून बूट घातलेलं पाऊल कप्प्यात ढकला. चवडा सहज आणि खोलवर गेला पाहिजे, आणि दोन्ही बाजूंनी बूट कप्प्याला टेकला पाहिजे. मग स्ट्रॅप आवळा आणि पाऊल डावी-उजवीकडे हलवा. पातं पावलाबरोबर हललं पाहिजे. पाऊल आधी आणि पातं मागून असं होत असेल तर कप्पा मोठा आहे, आणि स्ट्रॅप कितीही आवळला तरी तो दोष जात नाही. स्ट्रॅप अगदी शेवटच्या खाचेपर्यंत आवळावा लागत असेल तरीही माप चुकलंय.

बूट निवडताना बोटं पुढे दाबली जात नाहीत ना, एवढंच बघा. बाकी तो मोज्यासारखा अंगाबरोबर बसायला हवा. आत पाणी खेळायला लागलं की ऊब जाते.

बूट न घालता ओपन-हील वापरता येतात का?

डायव्हिंगचे ओपन-हील, नाही. स्ट्रॅप टाचेच्या वरच्या नसेवर घासतो आणि एका डाइव्हमध्ये साल निघतं. पाऊल कप्प्यात खुळखुळतं ते वेगळंच. नुसत्या पायावर घालायचे, माप लहान-मोठं करता येणारे ओपन-हील फिन्स मिळतात, पण ते स्नॉर्केलिंगसाठी, म्हणजे तोंडात नळी धरून पृष्ठभागावर पोहण्यासाठी. वाढत्या वयाच्या मुलांना किंवा घरातल्या दोघा-तिघांत एक जोडी वापरायला ते बरे.

फुल-फूटमध्ये मोजे घालावेत का?

घालावेत. लागोपाठ काही दिवस डाइव्ह करायची असेल तर अंगठ्याच्या वरच्या बाजूला आणि टाचेवर फोड येतात, आणि खाऱ्या पाण्यात ते लवकर भरत नाहीत. लायक्राचा किंवा दीड-दोन मिलिमीटर नियोप्रीनचा मोजा हे थांबवतो. लायक्राने मापात फरक पडत नाही. नियोप्रीनचा मोजा घालणार असाल तर फिन त्या मोज्यावरच घालून बघा. बहुधा एक माप वर जावं लागतं. मोजा म्हणजे बूट नव्हे हेही ध्यानात असू द्या. त्याला तळ नसतो, खडकावर तो काही कामाचा नाही.

ओपन-हीलला रबरी स्ट्रॅप बरा की स्प्रिंगचा?

स्प्रिंगचा, आणि यात मला काडीचीही शंका नाही. रबरी स्ट्रॅप ऊन आणि मिठाने सुकतो, बकलपाशी त्याला बारीक चिरा पडतात आणि तो नेमका बोट निघायच्या वेळी तुटतो. प्लॅस्टिकचं बकलही फुटतं. स्टेनलेस स्टीलचा स्प्रिंग स्ट्रॅप एकदा जुळवला की पुन्हा हात लावावा लागत नाही. टाचेमागची मूठ ओढायची आणि सोडायची. त्याची टोकं लोंबत नाहीत, त्यामुळे मासेमारीची तुटकी दोरी किंवा जाळं अडकायची भीती कमी होते. रबरी स्ट्रॅप असतील तर त्यांची मोकळी टोकं आतल्या बाजूला वळवून घ्या.

स्प्रिंगचा आणखी एक फायदा खोलीवर कळतो. नियोप्रीनमध्ये वायूचे बारीक बुडबुडे असतात. १० मीटरवर पाण्याचा एकूण दाब पृष्ठभागाच्या दुप्पट आणि ३० मीटरवर चौपट होतो, तसे ते बुडबुडे चेपतात आणि बूट पातळ होतो. वर असताना घट्ट बसलेला रबरी स्ट्रॅप खाली गेल्यावर सैल वाटायला लागतो. स्प्रिंग किंवा ताणाची जाड बंजी दोरी ती ढिलाई आपोआप ओढून घेते.

रबरी स्ट्रॅपच वापरत असाल तर एक जादा स्ट्रॅप कायम पिशवीत ठेवा. फुल-फूटला हा ताप नाही. तुटायला त्यात स्ट्रॅपच नसतो.

माझे पाय पाण्यात वर तरंगतात. फिनने फरक पडेल?

पडतो. पातळ प्लॅस्टिकचे बरेच फुल-फूट पाण्यात जवळजवळ वजनहीन असतात, काही तर तरंगतात. जुन्या धाटणीचे, भरीव रबराचे ओपन-हील सरळ बुडतात. जाड नियोप्रीनचे बूट किंवा हवा भरलेला ड्रायसूट पावलांना वर ढकलतो, तिथे जड फिन्स तोल सांभाळतात.

याची उलट बाजूही आहे. पातळ वेटसूट किंवा नुसती रॅशगार्ड (पोहण्याचा पातळ, घट्ट सदरा) घालणाऱ्याने जड रबरी फिन्स घातले की पाय खाली लोंबतात, शरीर तिरकं होतं आणि प्रत्येक किकने तळाची वाळू उडते. पोवळ्यांवर फिन आपटतात ते बहुधा असेच. दुसऱ्या डायव्हरचे फिन्स बघून आपले घेऊ नयेत, ते यासाठी. त्याच्या अंगावरचा सूट आणि तुमचा सूट वेगळा असतो.

फ्रॉग किक आणि मागे सरकायची किक कशात चांगली जमते?

फ्रॉग किक, म्हणजे बेडकासारखे पाय बाजूला फाकवून मारायची किक, दोन्हींत जमते. मागे सरकायला आणि जागच्या जागी वळायला मात्र आखूड, रुंद आणि कडक पातं लागतं, आणि अशी पाती बहुतेक ओपन-हीलमध्ये मिळतात. गाळाच्या तळावर, बुडालेल्या जहाजांत किंवा गुहांत जाणारे डायव्हर जवळजवळ सगळे तसलेच ओपन-हील घालताना दिसतात ते याचसाठी. फुल-फूटची लांब, मऊ पाती वर-खाली मारायच्या फ्लटर किकसाठी बनवलेली असतात. मोकळ्या पाण्यात तीच किक पुरते.

ड्रायसूटवर फुल-फूट?

नाही. ड्रायसूटचा बूट त्यात जाणारच नाही. ओपन-हीलसुद्धा मोठ्या कप्प्याचेच लागतात, आणि ते ड्रायसूट घालूनच तपासा.

विमानाने प्रवास करायचा असेल तर?

इथे फुल-फूट निर्विवाद सरस. जोडी साधारण दीड-दोन किलोंत बसते आणि बूट न्यावे लागत नाहीत. भरीव रबराच्या ओपन-हीलची मोठ्या मापाची जोडी ३ किलोंच्या आसपास जाते, वर बुटांचं वजन, आणि परतताना ते बूट ओलेच असतात. प्रवासासाठी आखूड आणि हलके ओपन-हीलही निघाले आहेत. दोन्ही तऱ्हेच्या डाइव्ह करणाऱ्यांनी ते जरूर बघावेत.

बॅगेत फिन्स उभे कोंबू नका. पातं सपाट तळाशी ठेवा आणि कप्प्यात मोजे, मास्कचा डबा असं काहीतरी भरा.

स्नॉर्केलिंग, फ्रीडायव्हिंग आणि स्कूबा, तिन्हींना एक जोडी पुरेल?

स्नॉर्केलिंग आणि स्कूबाला मध्यम लांबीचे फुल-फूट पुरतात, पाणी कोमट असेल तर. फ्रीडायव्हिंगचे लांब फिन्स जवळपास सगळे फुल-फूटच असतात, कारण एका श्वासात खाली जाऊन वर यायचं तर प्रत्येक किकची ताकद पुरेपूर वापरायला हवी. त्यांची पाती प्लॅस्टिक, फायबरग्लास किंवा कार्बनची असतात. ती स्कूबासाठी घेऊ नका. एवढी लांब पाती शिडीवर, दाटीच्या डेकवर आणि पोवळ्यांजवळ सांभाळणं कठीण जातं.

पात्याला मधोमध चीर असलेले फिन्स कोणत्या प्रकारात मोडतात?

दोन्हींत मिळतात. हे स्प्लिट फिन्स १९९०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले. गुडघ्यांना किंवा घोट्याला त्रास असेल तर त्यांची हलकी किक बरी वाटते, पण मागे सरकायला ते कमजोर. टाच बंद की उघडी, हा निर्णय त्यांच्याही बाबतीत वरच्याच कसोट्यांवर घ्या.

आधी कोणता प्रकार आला?

फ्रेंच नौदलातले अधिकारी लुई द कॉर्लिए यांनी १९३३मध्ये फिन्सचं पेटंट घेतलं. अमेरिकेत ओवेन चर्चिल यांनी १९४०पासून ते तयार करून विकायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या महायुद्धात नौदलांच्या पाण्याखाली पोहत काम करणाऱ्या सैनिकांनी ते वापरले. हे सुरुवातीचे फिन्स टाचेपाशी उघडे, पट्ट्याने धरलेले होते. पूर्ण पाऊल आत घेणारा फिन त्यानंतरचा. इटलीच्या नौदलात लढलेल्या लुइजी फेरारो यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला क्रेसी कंपनीसाठी बनवलेला ‘रॉन्दिने’ हा त्यातला गाजलेला. मला यात विशेष वाटतं ते हे की ज्यांनी पाण्यात जिवावरची कामं केली त्यांनीच हे फिन्स सुधारत नेले.

अजून कोर्स करतोय. आत्ताच विकत घेऊ का?

दोन-चार डाइव्ह भाड्याच्या फिन्सवर करा आणि दोन्ही प्रकार मागून घ्या. प्रशिक्षण केंद्रात बहुधा ओपन-हील देतात, कारण स्ट्रॅपमुळे एक माप अनेक पायांना चालतं. तेवढ्यावरून तेच आपल्यासाठी योग्य असं धरून चालू नका. इन्स्ट्रक्टरला कोणते फिन्स चांगले असं विचारण्यापेक्षा माझी किक बघून सांगा असं म्हणा. जास्त उपयोगी उत्तर मिळेल.

आधी मास्क, मग फिन्स आणि बूट, असा क्रम मला योग्य वाटतो. चेहरा आणि पाऊल प्रत्येकाचं वेगळं असतं. बाकीचं सामान काही काळ भाड्याचं चालतं.

मधुमेह आहे, पायांना संवेदना कमी आहे. काही वेगळं बघावं का?

डाइव्ह करावी की नाही हे आधी डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांना विचारा. त्यांनी परवानगी दिली तर बूट आणि ओपन-हील हेच घ्या. पायाला कापलेलं किंवा घासलेलं जाणवत नसेल तर फुल-फूटच्या आत फोड येऊन फुटेपर्यंत कळत नाही. प्रत्येक डाइव्हनंतर बूट काढून तळवे, टाचा आणि बोटांमधल्या बेचक्या उजेडात नीट बघा, आणि बुटात वाळूचा खडा राहिलेला नाही ना तेही हात घालून तपासा.

निगा कशी राखायची?

गोड्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. भिंतीला टेकवून पात्याच्या टोकावर उभे करून ठेवू नका. काही आठवड्यांत पातं वाकतं आणि तो बाक कायमचा राहतो. आडवे ठेवा किंवा टांगा. नवीन फुल-फूटच्या कप्प्यात प्लॅस्टिकचे साचे येतात, ते फेकू नका. ठेवताना परत आत घालायचे, म्हणजे टाचेचं रबर चपटत नाही. चपटलेली टाच पायाला घासायला लागते.

बूट आतून धुणं लोक विसरतात. आतली वाळू अस्तर खाते आणि वास येतो. चेन असलेल्या बुटाच्या दातांत वाळू अडकली की ती जोर लावून ओढू नका. जुन्या टूथब्रशने दात साफ करा आणि चेनला मेण लावा.

जोडी बदलायची वेळ आली हे कशावरून समजायचं?

फुल-फूटमध्ये कप्पा आणि पातं जिथे जोडलेलं असतं तो सांधा वाकवून बघा. तिथे पांढरट रेषा किंवा चीर दिसली, किंवा टाचेच्या कडेचं रबर फाटायला लागलं, तर जोडी बदला. हे रबर शिवून किंवा चिकटवून फार टिकत नाही. ओपन-हीलमध्ये स्ट्रॅप आणि बकल वेगळे मिळतात, त्यामुळे पातं शाबूत असेपर्यंत जोडी चालवता येते. बुटाचा तळ सुटायला लागला किंवा टाचेवरची स्ट्रॅप अडवणारी रबरी कड झिजली की स्ट्रॅप खाली सरकतो. तेव्हा फक्त बूट बदला, आणि नवा बूट जुन्याच जाडीचा घ्या, नाहीतर फिनचं माप पुन्हा तपासावं लागेल.